हाकेच्या माळावरचं मौन

सावरदरा गावाच्या वर, पैनगंगेच्या खोऱ्याकडे तोंड करून एक लांबट माळ पसरला आहे. त्याला हाकेचा माळ म्हणतात. माळावर मेथडिस्ट मंडळीचं जुनं कौलारू उपासनाघर आहे, शिबिराला येणाऱ्यांसाठी पत्र्याच्या खोल्या आहेत, आणि अगदी कडेला, जिथून जमीन एकदम खाली उतरते तिथे, कमरेएवढा उभा दगड आहे. समोर दरी, दरीपलीकडे काळा कडा. दगडापाशी उभं राहून हाक मारली की ती कड्यावर जाऊन आपटते आणि जरा दमल्यासारखी परत येते.

दरवर्षी सुगी आटोपली की इथे शिबीर भरतं. अकोल्याची, यवतमाळची, कधी पुण्याची मंडळी बस करून येते. छापील पत्रिकेवर ‘आध्यात्मिक शिबीर’ असं लिहिलेलं असतं, तरुण पोरं त्याला रिट्रीट म्हणतात, पण गावाच्या तोंडी अजून जुनाच शब्द आहे: रानसभा. आल्याआल्या फाटकापाशी दयानंदमामा शिरसाट बांबूची टोपली घेऊन उभे असतात. सगळ्यांचे फोन त्या टोपलीत जातात, कारण त्या संध्याकाळपासून मौन सुरू होतं. पाण्याचा पंप, फाटकाची कुलपं आणि माळाची गोष्ट या तिन्ही गोष्टी मामांच्या ताब्यात आहेत. पहिल्या दोन्हींबद्दल ते कुरकुर करतात, तिसरीबद्दल कधीच नाही.

मौन पाळायचं तर जागेचं नाव हाकेचा माळ कसं, असं कोणी ना कोणी विचारतंच. नाही विचारलं तर मामा विचारेपर्यंत खोकत राहतात. मग दगडाशेजारी बसतात, टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात आणि सुरुवात करतात.

ते सांगतात की आगगाडी या भागात नवीनवीन आली होती, तेव्हाची ही गोष्ट. त्या काळी शांतवनराव देठे नावाचे पाळक या मंडळीला लाभले होते. माणूस तळमळीचा. प्रार्थनेला उभे राहिले की बायका डोळ्यांना पदर लावत. पण मंडळीत एकाहून एक नग होते. आदल्या वर्षीची रानसभा नुसत्या भांडणात गेली होती. कोणाची चटई पुढे, कोणाची मागे, कोणाच्या भाकरी जाड, भजनात पेटी कोण धरणार. आणि उपदेश चालू असताना मागच्या रांगेत एका सोयरिकीची बोलणी चालू होती ती शेवटच्या आशीर्वादापर्यंत मोडलीसुद्धा. शांतवनरावांनी ते मनाला लावून घेतलं. या वर्षी, म्हणाले, रानसभेत माणसाचा आवाज नको. शुक्रवारी दिवे लागले की तोंड बंद, ते रविवारच्या उपासनेला उघडायचं. प्रार्थना मनात. काही हवं असेल तर खुणेने.

नुसतं सांगून भागणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी माळाच्या कडेला हा साक्षीचा दगड उभा करवला आणि एकेकाला त्याच्यावर हात ठेवायला लावून देवासमोर शपथ घ्यायला लावली. जो शपथ मोडेल त्याला रविवारच्या प्रीतिभोजनात घास मिळणार नाही. प्रीतिभोजन म्हणजे मेथडिस्टांचा जुना रिवाज. सगळ्यांनी एका भाकरीचा तुकडा तुकडा खायचा, एकाच तांब्यातलं पाणी प्यायचं आणि मग उठून आपली साक्ष सांगायची. त्यात ज्याला वगळलं तो मंडळीतूनच वगळल्यासारखा. शिवाय शांतवनराव भरात असंही बोलून गेले, की एकाच्या तोंडातून शब्द निघाला तरी सगळ्यांची रानसभा वाया जाईल.

मंडळीतल्या खट्याळ लोकांचं म्हणणं असं, की हा सगळा खटाटोप एकट्या तबिथाबाईसाठी होता.

तबिथाबाई सोनवणे ही बायबलबाई. गावोगाव फिरून बायांना शास्त्र वाचून दाखवायचं, अक्षरं शिकवायची, बाळंतिणीला काढा द्यायचा हे तिचं काम. अंगाने काटकुळी, पण आवाज असा की तिने ओसरीत बसून स्तोत्र म्हटलं तर नदीपलीकडचे गुराखी उठून बसत. जीभही तशीच धारेची. सरळ बोलायची आणि बोलून झाल्यावर विसरायची. ज्याला बोलली तो मात्र विसरायचा नाही.

त्या जिभेनेच तिचा घात केला होता, आणि ते तिच्याइतकं कोणालाच टोचत नव्हतं. तिची धाकटी जाऊ होती दिना. दोघी एकाच घरात नांदलेल्या. तबिथा आधी विधवा झाली. मग दिनाचा नवरा थोमा तापाने अंथरुणाला खिळला. दिना म्हणाली, दोन दिवस घरीच बघू, उतरेल. नाही उतरला. मिशनच्या दवाखान्याची गाडी जुंपेपर्यंत सगळं आटोपलं होतं. थोमाला मातीला न्यायच्या वेळी, अंगणभर माणसं जमलेली असताना, तबिथाच्या तोंडून निघून गेलं, ‘तुह्या हट्टानं गेला व माहा दीर.’

दिनाने वर पाहिलं नाही, उत्तर दिलं नाही, आणि त्यानंतर ती तबिथाशी एक शब्द बोलली नाही. तबिथाही मग बोलली नाही. आधी लाजेने, मग रागाने, मग सवयीने. घराच्या मधोमध गवताची भिंत उभी राहिली. दोन चुली झाल्या. अगदीच नडलं तर दोघी अंगणातल्या शेळीशी बोलत. ‘शेळे, पीठ सपलं म्हणून सांग.’ ‘शेळे, मडक्याखाली हाय, घे म्हणाव.’ आणि शेळी बिचारी दोघींकडे आळीपाळीने बघत पाला चघळायची. मामा म्हणतात की मंडळीतल्या कोणत्याही पंचापेक्षा तिने जास्त वर्षं मध्यस्थी केली.

पण एक गोष्ट तबिथाला ठाऊक होती, जी गावात दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हती. दिनाला रातांधळेपण होतं. दिवस बुडाला की तिला दिसेनासं व्हायचं. विधवा बाई, शेतमजुरीवर जगणारी. आंधळी झाली असं कळलं तर कामाला कोण बोलावणार, म्हणून तिने ते लपवलं होतं. तिन्हीसांजेला ती भिंतीला हात लावत चालायची आणि भिंत सारवलीय का बघते आहे असं दाखवायची. तबिथाने ते ओळखलं होतं. तेव्हापासून ती गावात सगळ्यांच्या आधी दिवा लावायची आणि आपल्या बाजूला न ठेवता गवताच्या भिंतीच्या टोकाला, दिनाच्या वाटेवर ठेवायची. बोलायची मात्र नाही. दिवा कोणी ठेवला हे दिनानेही कधी शेळीला विचारलं नाही.

तर अशा त्या दोघी रानसभेला आल्या. तबिथाने दगडावर हात ठेवला तेव्हा बाकीचे गालात हसत होते. तिने मात्र मनापासून शपथ घेतली. देवा, ती मनात म्हणाली, या जिभेने एक घर फोडलं. निदान या माळावर तरी तिला आवर. पहिल्या संध्याकाळी सगळी माणसं गुदमरल्यासारखी दिसत होती, कोणी उगाच खोकत होतं, कोणी चुलीशी जाऊन कण्या ढवळत होतं. त्या दोघी तेवढ्या शांत होत्या. लोकांना जड गेलेलं मौन त्यांना चांगलंच सरावाचं होतं.

शनिवारी दुपारी पावसाचा अवकाळी शिडकावा झाला. ऊन पुन्हा पडलं, पण हवेत ओल राहिली. उतरत्या उन्हात पाणी आणायची पाळी दिनाची आणि भालेरावांच्या सुनेची होती. झरा दरीत अर्ध्या उतारावर. दोघी घागरी घेऊन उतरल्या. बऱ्याच वेळाने भालेरावांची सून एकटीच वर आली. चुलीशी बसलेल्या बाईने भुवया उंचावून विचारलं, दिना कुठे? सुनेने अंगठा मागे केला, तळहात गालाला लावला. तिला म्हणायचं होतं, मागे राहिलीय, पायात काटा गेलाय, जरा टेकलीय. चुलीशी बसलेल्या बाईला वाटलं, मागच्या पालात जाऊन झोपलीय. तिने मान डोलावली आणि पुन्हा कण्यांकडे वळली. तोंडं उघडी असती तर एका वाक्यात उलगडा झाला असता.

दिवस बुडायला आला तशी दरीतून धुवारी चढू लागली. धुक्याला इकडे धुवारी म्हणतात. बघता बघता झऱ्याची वाट दिसेनाशी झाली, मग उंबराचं झाड दिसेनासं झालं. तबिथाने सवयीने दिवा लावला. सवयीनेच तो दिनाच्या वाटेवर ठेवायला उठली, आणि दिना नाही हे तिच्या ध्यानात आलं.

तिने मागचं पाल बघितलं. उपासनाघर बघितलं. धुवारी, कातरवेळ आणि डोळ्यांना न दिसणारी बाई. झऱ्यापाशी वाट फुटते. माळावरून पाहता उजवीकडची वर येते आणि डावीकडची काही पावलांवर धारेच्या कड्यावर जाऊन संपते. ती वाट शेळ्यांनी पाडलेली, माणूस तिकडे जात नाही.

तबिथा धावत शांतवनरावांकडे गेली. ते झाडाखाली गुडघे टेकून डोळे मिटून बसले होते. तिने त्यांच्या खांद्याला हात लावला, जी गोष्ट एरवी कोणी केली नसती. त्यांनी डोळे उघडले. तिने दोन्ही हात आपल्या डोळ्यांवर दाबले, मान हलवली, दरीकडे बोट केलं, पुन्हा डोळे झाकले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शांतवनरावांचा चेहरा कनवाळू झाला. त्यांना वाटलं, तबिथाबाईला पश्चात्ताप झाला! त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिल्यासारखं केलं आणि शेजारी गुडघे टेकायची खूण केली. तबिथाच्या मनात त्या क्षणी पाळकासाठी काय शब्द आले ते मामा सांगत नाहीत, पण सांगता आले असते असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसतं.

शेवटी तिने त्यांचा हात धरून त्यांना ओढत कडेला आणलं आणि दिनाची रिकामी चटई दाखवली. तेव्हा कुठे त्यांना कळलं की माणूस हरवलंय. लगेच पुरुष कंदील घेऊन खाली उतरले. आणि इथे ती गंमत झाली जी याच मंडळीच्या हातून होऊ शकते. ते सगळे हरवलेल्या बाईला मुक्याने शोधू लागले. शपथेला पक्की माणसं! कंदील हलवत होते, झुडपं चाचपत होते, एकमेकांवर आदळत होते, ठेच लागली तरी ओठ दाबून धरत होते, पण ‘दिनाबाई’ म्हणून कोणाच्या तोंडून निघेना. कंदिलाचा उजेड धुवारीत हातभरही जात नव्हता. गेला असता तरी तेवढ्या लांबच्या उजेडाचा दिनाला काय उपयोग होता?

थोड्या वेळाने एकजण वर आला. त्याच्या हातात दिनाची घागर होती. ती कुठे मिळाली असं सगळ्यांनी नजरेने विचारलं. त्याने डावा हात वर केला. डावीकडची वाट.

तबिथा साक्षीच्या दगडापाशी उभी होती. तिने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं होतं. हे सांगताना मामा नेहमी थांबतात, आणि ऐकणाऱ्यांनाही तिथे थांबावंसं वाटतं. कारण तिच्या मनात काय चाललं होतं ते सोपं नव्हतं. मागच्या वेळी मरणाच्या दारात हे तोंड उघडलं होतं तेव्हा त्यातून विष बाहेर आलं होतं. आता तर देवाला शब्द दिलेला. आपण बोललो तर आपला घास जाईल, त्याचं काही नव्हतं. पण सगळ्यांची रानसभा वाया जाईल असं पाळक म्हणाले होते, आणि ती त्यांच्या शब्दावर भोळेपणाने विश्वास ठेवत होती. देवही आपल्याकडे पाठ फिरवेल अशी तिला खरोखरची भीती वाटत होती. एका बाजूला देव आणि एका बाजूला दिना, असं तिला वाटत होतं. मग तिने हात खाली घेतले.

‘दिनेऽऽऽ!’

असं सांगतात की तोवर पलीकडचा कडा मुका होता. त्याच्याकडून कधी कोणाला आवाज परत आला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा तो बोलला. धुवारीच्या पोटातून ‘दिनेऽऽ’ परत आलं आणि माळावरची माणसं जागच्या जागी थिजली. एक इंजिनिअर शिबिराला आले होते, त्यांनी मामांना समजावलं की आधी कड्यासमोर सागाची दाट झाडी असणार, ती तुटली म्हणून प्रतिध्वनी यायला लागला असेल. मामा म्हणाले, असेल.

खालून उत्तर आलं नाही. तबिथाने पुन्हा हाक मारली. पुन्हा कडाच बोलला. तबिथाला जावेचा स्वभाव पाठ होता. दिना मेली तरी शपथ मोडणार नाही, आणि आपल्याशी बोलणार तर त्याहून नाही. मग ती कडाडली:

‘आवं हट्टी बाई! शपथ म्या मोडली, तू नको मोडू! माह्याशी नको बोलू! नुसती टाळी वाजव!’

आणि खालून, डावीकडून, अगदी डावीकडून, टाळी ऐकू आली.

‘तथीच थांब! पाऊल टाकू नको! खाली बस!’ तबिथा ओरडली. ‘तुह्या म्होरं कडा हाय! आता माह्या आवाजाकडे तोंड कर. हातानं भुई चाचपत, बसल्या बसल्या सरक. मी बोलतच राह्यीन. जिकडून मी आयकू येतो तिकडेच ये.’

आता बोलत राहायचं म्हणजे काय बोलायचं? आवाज थांबला तर दिना थांबणार, किंवा वाट चुकणार. तबिथाने जे तोंडाला येईल ते बोलायला सुरुवात केली, आणि तिच्या तोंडाला ते सगळं आलं जे इतकी वर्षं शेळीला ऐकावं लागलं होतं आणि त्याहून जास्त ते जे शेळीलाही सांगितलं नव्हतं. मागल्या साली सीताफळं कोणी नेली ते मले ठावं हाय, पण म्या नाई नेली. तुह्या चुलीचा धूर इकडे येते तवा मले ठसका लागते, पण वास चांगला येते. तुह्या हातची अंबाडीची भाजी खाऊन किती दिस झाले व. दिवा मीच ठेवतो. रोज ठेवतो. तुले दिसत नाई हे मले ठावं हाय, म्या कोणाले सांगतलं नाई. सरकली का? टाळी वाजव.

टाळी यायची. जरा उजवीकडून. तबिथा पुढे बोलायची. माळावर सगळी मंडळी उभी राहून ऐकत होती, पाळक ऐकत होते, आणि कोणालाही हे ऐकायचा हक्क नाही असं ज्याला त्याला वाटत होतं, तरी कोणी हलत नव्हतं. बोलता बोलता तबिथाचा आवाज बसायला लागला. इतक्या मोठ्या आवाजाचा तळ लागला. तेव्हा जे सगळ्यात खाली होतं ते वर आलं.

‘दिने, आयक. थोमा तुह्या हट्टानं नाई गेला. तापानं गेला. म्या त्या दिशी खोटं बोलली. मले माहा दीर गेल्याचं दुख झालं, अन् म्या ते तुह्या अंगावर टाकलं. चारचौघांत टाकलं म्हणून चारचौघांतच म्हणतो. माह्यं चुकलं व दिने.’

आणि तिचा आवाज फुटला. पुढे घशातून नुसती हवा यायला लागली.

खाली टाळी वाजली नाही. धुवारीत काहीच हललं नाही. तबिथाने हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज येईना. तिने वळून मंडळीकडे बघितलं. असं बघितलं की मामा म्हणतात, दगडालाही पाझर फुटावा. पण माणसं शपथ घेतलेली. सगळ्यांनी शांतवनरावांकडे बघितलं.

शांतवनराव देठे दगडापाशी आले. क्षणभर त्यांनी त्या दगडावर हात ठेवला, मग तोंडाभोवती ओंजळ धरली आणि आयुष्यात पहिल्यांदाच उपदेशाच्या नव्हे तर शेतावरच्या आवाजात ओरडले, ‘दिनाबाईऽऽ! इकडे! इकडे या!’

मग काय विचारता! धरणाचं दार उघडावं तशी मंडळी ओरडू लागली. म्हातारे ओरडले, पोरं ओरडली, आदल्या वर्षी चटईवरून भांडलेल्या दोन घरांनी गळ्यात गळा घालून हाका मारल्या. भालेरावांची सून तर रडत रडत ओरडत होती. खालचे कंदीलवाले ओरडू लागले. कडा एकटा किती जणांना उत्तर देणार, त्याचीही त्रेधा उडाली. आणि त्या गदारोळात धुवारीतून आधी एक हात आला, मग मातीने भरलेलं लुगडं आलं, आणि बसल्या बसल्या सरकत दिना वर आली. तिच्या गुडघ्यांची सालं निघाली होती. कोणीतरी तिला उठवून तबिथासमोर उभं केलं. दिनाला काही दिसत नव्हतं. तिने हात पुढे करून जावेचा चेहरा चाचपला.

‘केवढं वरडतेस व आक्का,’ ती म्हणाली. ‘मी काय बहिरी हाव? आंधळी हाव मी.’

मग कोणीतरी खुदकन हसलं, आणि मग सगळी मंडळी हसली, आणि हसता हसता निम्मी रडली. दिनाने जे इतकी वर्षं जिवापाड लपवलं होतं ते स्वतःच्याच तोंडाने सांगून टाकलं होतं, आणि आभाळ कोसळलं नव्हतं. उलट भालेरावांच्या सुनेच्या सासूबाई तिथल्या तिथे म्हणाल्या की आमच्या शेतावर उन्हात काम पुष्कळ आहे, अंधारात कोण काम करतं?

दुसऱ्या दिवशी प्रीतिभोजन झालं. शपथ मोडलेली तबिथा सगळ्यांच्या मागे, पायऱ्यांजवळ जाऊन बसली. दिना पुढच्या चटईवरून उठली, दिवसाच्या उजेडात नीट बघत मागे आली आणि तिच्याशेजारी बसली. भाकरीची परात हातोहात फिरत आली. तबिथाने तुकडा न घेता ती पुढे सरकवली. तेव्हा शांतवनराव व्यासपीठावरून उतरले, चालत पायऱ्यांपर्यंत आले आणि परात परत तिच्यासमोर ठेवली.

‘तबिथाबाई,’ ते म्हणाले, ‘शपथ तर आम्ही सगळ्यांनीच मोडली. तुम्ही पहिल्या, एवढंच. तुम्हाला घास नसेल तर आज या माळावर कोणालाच नाही. आणि खरं सांगू का, ही शपथ घालताना मी देवाला विचारलंच नव्हतं.’ मग म्हणाले, ‘आज मी हरवलेल्या मेंढरावर उपदेश करणार होतो. तो आता नाही करत. तुम्ही काल केलात.’

तबिथाला उत्तर द्यायला आवाजच नव्हता. तिने तुकडा मोडला, अर्धा दिनाच्या हातात दिला आणि अर्धा स्वतः खाल्ला. देव पाठ फिरवून बसलेला नाही हे तिला त्या घासाबरोबर कळलं, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. घरी गेल्यावर त्या दोघींनी गवताची भिंत काढून शेळीला घातली म्हणे. शेळीने ती आनंदाने खाल्ली, पण पुढे बरेच दिवस दोघी आपापसांत बोलायला लागल्या की ती मधे येऊन उभी राहायची.

आजही हाकेच्या माळावर शुक्रवारी दिवे लागले की मौन सुरू होतं. शांतवनरावांनी ते मोडीत काढलं नाही. फक्त त्याला एक दार ठेवलं. शनिवारी दिवस बुडताना सगळी मंडळी साक्षीच्या दगडापाशी जमते. मंडळीतली सगळ्यात वयस्कर बाई पुढे होते आणि दरीकडे तोंड करून हाक मारते, ‘दिनेऽऽ!’ कडा उत्तर देतो. मग सगळे मिळून म्हणतात, ‘केवढं वरडतेस व!’ नवीन आलेल्यांना हे कळत नाही, पण गोष्ट ऐकली की पुढच्या वेळी तेच सगळ्यात मोठ्याने म्हणतात. त्यानंतर ज्याचा ज्याच्याशी अबोला असेल त्याने त्याचं नाव घेऊन हाक मारायची. तो माणूस शिबिरात असेल तर तो ‘आलो’ म्हणतो आणि पुढे येतो. नसेल तर त्याच्या वतीने सगळी मंडळी ‘येईल!’ म्हणते.

हाका संपल्या की उपासनाघराच्या ओट्यावर चहा मांडतात. पण चहा लगेच पीत नाहीत. मामा बांबूची टोपली आणून दगडापाशी ठेवतात. दरवर्षी कोणीतरी, कधी एखादी सून, कधी एखादा पिकल्या केसांचा भाऊ, त्यातून आपला फोन शोधून काढतं, चार पावलं बाजूला जातं आणि मघाशी ज्याच्या नावाने हाक मारली त्याचा नंबर लावतं. सगळी मंडळी कप हातात धरून गप्प उभी राहते, चहावर साय धरते, पण पलीकडून कोणी उचलेपर्यंत कोणी घोट घेत नाही. मग त्या माणसाचे खांदे सैल होतात, तो म्हणतो, ‘हं, मीच बोलतोय,’ आणि मामा म्हणतात, ‘चला, प्या आता.’